परी पोह्यांची फाईल आणि लांजेवार साहेब

वहिनी, साहेबांची लेक अदिती, कोर्टातली सगळी वकील मंडळी, आणि दूरदुरून आलेले पक्षकार, सगळ्यांले नमस्कार. जय भीम.

बोलाले उभी तर झाली, पण मले बोलायची सवय नाही हो. साहेबांच्या ऑफिसात मी इतकी वर्षं न बोलायचा पगार घेतला. काल रात्री भाषण लिहून काढलं होतं. एकदम शुद्ध. त्यात 'दिवंगत' होतं, 'अपरिमित हानी' होतं, 'पोकळी' तर दोन जागी होती. सकाळी वाचून पाह्यलं आणि वाटलं, साहेबांनी हे ऐकलं असतं तर चष्मा वर करून विचारलं असतं, "शालिनी, हे कोणाबद्दल आहे?" म्हणून तो कागद घरीच ठेवला. जशी बोलते तशीच बोलते. सांभाळून घ्या.

मले ओळखत नसतील त्यांच्यासाठी सांगते. मी शालिनी रामटेके. लांजेवार साहेबांची सहायक. वकील नाही. हे 'वकील नाही' साहेबांनी मले पहिल्या दिवशी शिकवलं आणि शेवटपर्यंत शिकवत राहिले. फोन उचलला की म्हणायचं, "लांजेवार वकिलांचं ऑफिस. मी सहायक बोलून राहिली." एखाद्यानं "वकीलबाई" म्हटलं की साहेब आतल्या खोलीतून ओरडत, "सुधारून दे त्याले! आत्ताच्या आत्ता!" समोरचा माणूस चांगला मान देऊन राहिला, आणि हे इकडं तो मान काढून घेऊन राहिले. मले राग येई. खरंच येई.

साहेबांचं काम ट्रेडमार्कचं. आता भंडाऱ्यात ट्रेडमार्कचा वकील म्हटल्यावर लोकांले काय समजणार? पायरीवर उभे राहून विचारत, "वकील साहेब, तुम्ही जमिनीचं पाहता का?" नाही. "फारकतीचं?" नाही. "मग कायचं पाहता?" साहेब म्हणत, "नावाचं." मग तो माणूस म्हणे, "हा, हा! आधार कार्डावर नाव चुकलं आहे माहं!" अशी किती माणसं आम्ही सेतू केंद्राचा रस्ता दाखवून परत पाठवली.

पण एकदा माणूस समोर बसला की साहेब इतकं सोपं करून सांगत. गोसीखुर्दच्या धरणाकडचे एक नवरा-बायको आले होते. मासळी सुकवून पिशवीत भरून विकत. नाव ठरवून आले होते, 'भंडारा मासळी'. साहेब म्हणाले, "दादा, भंडारा तुमच्या एकट्याचा आहे का?" नाही. "आणि मासळीले मासळी तुम्हीच म्हणता का?" नाही. "मग जे सगळ्यांचं आहे, ते सरकार तुमच्या एकट्याच्या नावावर कसं करून देईल? मालाचं वर्णन करू नका. मालाले नाव द्या. लोकांनी ते नाव घेतलं की तुमचाच माल डोळ्यांसमोर आला पाहिजे." मग ती बाई म्हणे, "म्हंजे लेकराचं बारसं करतो तसं?" साहेबांनी टेबलावर हात मारला. "बस! एवढंच आहे ट्रेडमार्क. बाकी सगळी फी आहे!"

हसा हो, हसा. वहिनी पण हसून राहिल्या. साहेबांले रडका कार्यक्रम चालला नसता.

आणि एक सांगून टाकते, नाहीतर मले आज झोप येणार नाही. गेटवर साहेबांच्या श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स आहे. फोटो सुंदर आहे. खाली लावणाऱ्यांच्या मालाचं नाव आहे, आणि त्या नावाच्या डोक्यावर गोलातला आर आहे. तो गोलातला आर नोंदणी झाल्यावरच लावता येते. आधी लावला तर गुन्हा आहे. अर्ज टाकला असंल तर टी आणि एम लावा, कोणी रोकत नाही. साहेबांनी अर्धं आयुष्य तो गोल आर लोकांच्या पिशव्यांवरून पुसण्यात घालवलं, आणि आपण त्यांच्याच फोटोखाली तो लावला! कोणाचा फ्लेक्स, ते मी सांगत नाही. ज्याचा असंल त्यानं जाता जाता चिकटपट्टी मारून द्यावी. आणि ज्याले वाटून राहिलं की मी सल्ला देऊन राहिली, त्याले सांगते, हा सल्ला नाही. साहेब हे पक्षकार नसलेल्या माणसालेही सांगत.

आता मी ज्यासाठी उभी झाली ते सांगते. हे परी पोह्यांचं आहे. आता ती फाईल बंद झाली, नोंदणी झाली, नाव सरकारच्या वेबसाईटवर कोणालेही दिसते. ज्यांचं नाव आहे त्या करडी गावच्या काकांनी सकाळी मले स्वतःहून परवानगी दिली, म्हणून बोलून राहिली. काका, तुम्ही खाली पाहू नका. तुमचं काहीच चुकलं नाही.

काका आमच्याकडं आले तेव्हा मी बाजूले बसून लिहून घेत होती. धानाच्या गिरणीसोबत पोह्यांची गिरणी टाकलेली, बरीच वर्षं आजूबाजूच्या बाजारात पोहे विकत होते. नाव 'परी'. नातीचं नाव. आता नोंदणी करायची. मी लिहून घेतलं, फाईल केली, विषय संपला.

त्याच रविवारी मी कोंढ्याले गेली. माही मोठी बहीण, सुनीताताई, तिथं दिली आहे. तिच्या शेंडेफळाचा वाढदिवस होता. शेंडेफळाचं नाव काय? परी! आता आपल्या जिल्ह्यात कोणत्याही अंगणवाडीत "परी" म्हणून हाक मारा, अर्धा वर्ग उभा होते. केक कापला, आणि माहे भाऊजी उठून उभे झाले. म्हणे, "आनंदाची बातमी. आपण पोहे सुरू करून राहिलो. पिशवीवर परीचा फोटो, आणि नाव, परी पोहे!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माह्या घशात केक अडकला.

आता सांगा, मी काय करू? समोर सख्खी बहीण. जिनं मले कडेवर घेऊन फिरवलं, माह्या लग्नात बापाच्या जागी उभी राहिली. तिच्या घरात आनंद मावून नाही राहिला. आणि मले माहीत आहे की हे नाव दुसऱ्याचं आहे. एक वाक्य बोलली असती तर सगळं थांबलं असतं. पण ते वाक्य माहं नव्हतं. ते काकांनी बंद दाराच्या आत साहेबांले सांगतलं होतं.

म्हणून मी तेच बोलली जे मी हळदीत, बारशात, बसमध्ये, जो विचारेल त्याले बोलते. "भाऊजी, छापायच्या आधी नावाचा शोध घ्या, आणि वकिलाले भेटा."

ताई म्हणे, "हे तर तू सगळ्यांलेच म्हणते."

मी म्हटलं, "हो. सगळ्यांलेच म्हणते."

त्याच्यापुढं मी बोलू शकत नव्हती. आवाज बदलू शकत नव्हती. डोळे मोठे करू शकत नव्हती. पोह्यांचा विषय काढून मुद्दाम करडीचं नाव घेऊ शकत नव्हती. मी परीले केक भरवला आणि बसनं परत आली.

सोमवारी ऑफिस उघडल्याबरोबर साहेबांपुढं उभी झाली. "साहेब, त्या परीच्या फायलीत माह्या घरचं..." तर साहेबांनी दोन्ही हात वर केले. "थांब! पुढं बोलू नको. मी काकांचा वकील आहे. तू घरचं सांगतलं तर ते मले काकांच्या कामी लावावं लागंल. फक्त एवढंच सांग, तुह्या जवळच्या कोणाचा या नावाशी संबंध येते का?" मी म्हटलं, हो. "झालं. ही फाईल आजपासून तुही नाही." आणि फाईल घेऊन आतल्या कपाटात टाकली, चाबी खिशात.

मी म्हटलं, "साहेब, मी त्यांले आपलं नेहमीचं वाक्य बोलली. चूक झाली का?"

साहेबांनी माही उलटतपासणीच घेतली. "वाक्य तेच होतं?" हो. "आवाज वेगळा काढला?" नाही. "डोळा मारला?" साहेब! "मग चूक कशाची? जे रस्त्यानं जाणाऱ्याले सांगतो, ते बहिणीले न सांगणं हा तिच्यावर अन्याय झाला असता."

आता तुम्ही म्हणाल, भाऊजींनी शोध घेतला का? घेतला की! मोबाईलवर घेतला. मले नंतर समजलं. म्हणे, "परी टाकून पाह्यलं, तर सगळ्या पोरीच निघाल्या. पोहे एकही नाही." हा त्यांचा शोध. करडीच्या बाजारात एक चक्कर मारली असती तरी समजलं असतं. पण आपल्या लोकांले वाटते, पोरगी माही, नाव मी ठेवलं, मग पिशवीवर टाकाले कोणाच्या बापाची भीती? भाऊजींनी पिशव्या छापल्या. परीचा फोटो, फ्रॉक घातलेला. आणि वरती तो गोलातला आर! मी नंतर विचारलं, तो काहून लावला? म्हणे, "छापणाऱ्यानं म्हटलं, जागा रिकामी दिसून राहिली."

पिशव्या बाजारात आल्या, काकांच्या नजरेस पडल्या, आणि मग भाऊजींले नोटीस जायची वेळ आली. आणि इथून साहेबांची परीक्षा सुरू झाली, कारण आमच्या ऑफिसात टायपिंग मीच करत होती. त्या दिवशी साहेब स्वतः बसले कॉम्प्युटरवर. दोन बोटांनी. मी पाहू नये म्हणून स्क्रीनवर टॉवेल टाकला. टॉवेल टाकला तर त्यांलेही दिसेना. मग स्वतः टॉवेलच्या आत शिरले. बाहेरून पाहणाऱ्याले वाटावं, वकील साहेब वाफ घेऊन राहिले! आतून आवाज येई, "शालिनी, समजा एखाद्याले... कोणालेही... ओळ खाली घ्यायची असंल तर?" मी दुसरीकडं तोंड करून सांगे. प्रिंट निघाली तर त्यांनी प्रिंटरवर पालथं पडून कागद झाकला. पाकिटावर पत्ता पण स्वतःच लिहिला. मी म्हटलं, साहेब, पोस्टात तरी मी टाकून येते. म्हणे, "पाकिटाले पत्ता असते."

हे असं सगळं करून नोटीस कोंढ्याले पोचली.

दुसऱ्या दिवशी ताई ऑफिसात. नोटीस हातात, पदर खोचलेला. पक्षकार बसले होते, त्यांच्यासमोर मले म्हणे, "शालू, तुले माहीत होतं?"

मी टेबलावरचा कागद उचलला, परत ठेवला.

"माह्या पोरीचा केक खाताना तुले माहीत होतं?"

काय बोलू? माह्या डोळ्यांतून पाणी चालू झालं. तेवढ्यात साहेब बाहेर आले. म्हणाले, "बाई, नाव तिले माहीत होतं. नाव आपल्या घरचं निघालं म्हटल्याबरोबर ती फायलीतून बाहेर झाली. तुम्हाले सांगायची मनाई माही आहे. रागवायचं तर माह्यावर रागवा. आणि मी समोरच्यांचा वकील आहे, म्हणून मले काही सांगू नका. दुसरा वकील पाहा. पण चहा घेऊन जा."

ताई म्हणे, "तुमचा चहा घाला चुलीत!" आणि निघून गेली.

पुढं भाऊजी दुसऱ्या वकिलाकडं गेले. त्यानं समजावलं की काका आधीपासून विकत आहेत, भांडण्यात अर्थ नाही. भाऊजींनी नाव सोडलं. काकांनीही ताणलं नाही. छापलेल्या पिशव्यांमध्ये ताईच्या घरी अजून कांदे असतात. आणि नवीन नाव काय ठेवलं? भाऊजी इतके चिडले होते की म्हणे, खटका उडाला ना, मग 'खटका'च ठेवा! खटका पोहे! नशीब पाहा, नाव कोणाचंच नव्हतं. आज पवनीपासून भंडाऱ्यापर्यंत लोक दुकानात जाऊन "खटका द्या" म्हणून मागतात.

धंदा सावरला. ताई मात्र माह्याशी बोलेना.

बोलेना म्हणजे कशी? लग्नात पंगतीत वाढाले येई. माह्यासमोर उभी राहून बाजूच्या बाईले म्हणे, "तिले विचार, वरण पाहिजे का." मी त्या बाईले म्हणे, "तिले सांग, थोडंच." त्या बिचारीचा भात थंडा होई. माणसं हसत. मी पण हसे. घरी येऊन उशीत तोंड घालून रडे. माय गेल्यावर ताईच माही माय होती. ऑफिसातल्या एका नियमापायी माहं माहेर बंद झालं, आणि मी कोणाले दोषही देऊ शकत नव्हती. काका बरोबर, साहेब बरोबर, मी बरोबर, आणि ताईचा रागही बरोबर!

साहेबांले हे टोचत होतं. सोमवारी आले की पिशवी ठेवायच्या आधी विचारत, "बोलली?" नाही, साहेब. "हं." मग दुपारपर्यंत उगाच फायली वरखाली करत. एकदा मी चिडून म्हटलं, "साहेब, तुमची नीती तुमच्या जवळच ठेवा, मले बहीण पाहिजे." मी बोलून गेली. ते सुपारी कातरत राहिले.

मग एक दिवस भाऊजींचा फोन आला. "साहेब घरी येऊन गेले वो. पोहे खाल्ले. दोनदा मागून घेतले." मी थक्क! फाईल कधीचीच बंद झाली होती, पण मले न सांगता कोंढ्याले गेले? भाऊजी म्हणे, "मले अंगणात बसवलं, आणि आत तुह्या ताईशीच बोलले. काय बोलले, देव जाणे."

मी सोमवारी धरलं साहेबांले. "तुम्ही ताईले काय सांगतलं?" तर म्हणे, "शालिनी, तिथलं तिथं." मी म्हटलं, अहो, ती माही बहीण आहे! म्हणे, "म्हणूनच."

या माणसासमोर डोकं आपटावं की पाया पडावं, तेच समजत नव्हतं मले.

त्याच्यानंतर ताई एकदम बोलाले लागली, असं काही झालं नाही. फक्त पंगतीत न विचारता वरण वाढाले लागली. मी म्हटलं, चला, हेही थोडं नाही. आणि मग साहेब गेले. बसल्या जागी, चष्मा डोळ्यावर, कागद समोर. तुम्हाले सगळ्यांले माहीत आहे.

ज्या दिवशी गेले, त्या संध्याकाळी माहा फोन वाजला. ताई. इतक्या दिवसांनी. म्हणे, "शालू, जेवली का?" बस, एवढंच. मी फोनवर हंबरडा फोडला. ती पण तिकडं रडे.

आज सकाळी पहिल्या बसनं ती आली. आम्ही दोघी माह्या ओट्यावर चहा घेऊन बसलो. मी विचारलं, "ताई, साहेब त्या दिवशी तुले काय बोलले?"

म्हणे, "नाही सांगत."

"काहून?"

"त्यांनी म्हटलं होतं, आपल्या दोघांतच ठेवा. मी हो म्हटलं होतं."

मी म्हटलं, "अवं, पण ते गेले आता!"

ताईनं माह्याकडं पाह्यलं. म्हणे, "गेले म्हणून काय झालं?"

मले इतका राग आला! कप खाली आपटला मी. माह्याच साहेबांचं बोलणं, माह्याच बद्दलचं, आणि मलेच समजू नये? आणि मग तशीच बसून राहिली. त्या दिवशी ऑफिसात, नोटीस हातात घेऊन, ताईले कसं वाटलं असंल, ते मले आज सकाळी समजलं. मी नियम पाळत होती. दाराच्या बाहेर उभी राहणारी ती होती.

आता पक्षकारांसाठी एवढंच. सकाळपासून मले कोपऱ्यात घेऊन विचारून राहिले, "बाई, आमच्या फायलींचं काय? तुम्हालेच सगळं माहीत आहे, तुम्हीच चालवा ना." नाही हो. मी वकील नाही. ज्याची फाईल त्याच्या हातात देणार, तुमच्या पसंतीच्या वकिलाकडं न्या. अर्जाच्या तारखा सांभाळा. आणि बंद दाराच्या आत तुम्ही साहेबांले जे सांगतलं, कोणत्या नावावर कोणाशी वाद आहे, कोण भाऊ कोणत्या भावावर उठला, त्यातलं जे माह्या कानावर पडलं, त्याची चिंता करू नका. साहेब गेले म्हणून काय झालं?

माहं झालं. आता सगळे उभे राहू या, आणि साहेबांसाठी थोडा वेळ कोणीच काही बोलू नये.

ताई, तू तिकडं मागं काहून उभी आहेस? इकडं ये. माह्या बाजूले उभी राहा. काही सांगू नको. नुसती उभी राहा.